आवळणारा कोण?

नट दोन प्रकारचे असतात. एक रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांनी कितीही शिट्ट्या मारल्या तरी जायचे नाव घेत नाही. दुसरा मोटारीच्या चाकात बसतो आणि आपण कितीही हातोडे मारले तरी यायचे नाव घेत नाही. पहिल्या प्रकाराशी माझा संबंध शाळेच्या स्नेहसंमेलनापुरताच आला. दुसऱ्या प्रकाराने मात्र माझी सेवानिवृत्ती व्यापून टाकली आहे. आणि गेल्या वर्षीच्या जानेवारीत त्यातल्या चार नटांनी मिळून मला असा एक प्रश्न घातला, की जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न घालणाऱ्या या मास्तराला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. अजूनही येते असे नाही. पण प्रश्न तुमच्यापुढे ठेवायला काय हरकत आहे? मास्तरांची ती जुनी युक्तीच आहे.

मी राहतो शिरूर अनंतपाळला. यातले 'अनंतपाळ' गाळून चालत नाही. पुणे जिल्ह्यात एक शिरूर आहे, बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, आणि तेवढ्याने भागणार नाही म्हणून की काय, आमच्याच लातूर जिल्ह्यात शिरूर ताजबंद आहे. मी मोटारीचे सामान मागवले की ते आधी उरलेल्या तिन्ही शिरुरांचे दर्शन घेऊन मग आमच्याकडे येत असावे, असा माझा जुना संशय आहे.

तर माझी मोटार. मारुती 800. हिची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत ती अर्ध्या हिंदुस्थानच्या दारात उभी राहून गेली. माझ्या दारात आली तेव्हा ती चौथ्या हाताची होती. माझ्या हाती पडल्यावर तिची सगळी दुरुस्ती मी घरीच करू लागलो. याचे कारण स्वावलंबन, असे मी सांगतो. चिक्कूपणा, असे सौ. सांगते. गावातले गॅरेजवाले चाचा मात्र दोघांच्याही पुढे आहेत. ते म्हणतात, "सरनी घरी दुरुस्ती केली की माझं काम डबल होतंय. करू द्या."

माझी हत्यारे सासऱ्यांकडून आली. त्यांच्याकडे पाटाच्या पाण्याचे इंजिन होते आणि पाने सगळे इंची. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण तो सासऱ्यांच्या पेटीपर्यंत पोचला नव्हता. आता गंमत पाहा. नऊ-सोळांश इंची पाना चौदा मिलिमीटरच्या नटावर बसतो. अगदी बसल्यासारखा बसतो. फरक एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. पण जोर लावला, की तेवढ्या फटीतून तो नटाचे कोपरे चाटून जातो, आणि सहा कोपऱ्यांचा नट बघता बघता बोराएवढा गोल होतो. जवळजवळ बरोबर असलेली माणसे पूर्ण चुकलेल्या माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात, हे सत्य मला इतिहासाच्या पुस्तकात नव्हे, त्या पान्यात सापडले.

नट मुळात जाम का होतो? तर गंजामुळे. आणि गंजाचा स्वभाव मोठा विचित्र आहे. लोखंड गंजले की झिजले असे आपण म्हणतो; पण त्या गंजाला मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये जी केसभर फट असते तिच्यात तो फुगून बसतो. म्हणजे दोघे एकमेकांना धरून बसलेले नसतात. मध्ये तिसराच शिरून दोघांना दाबून बसलेला असतो. संयुक्त कुटुंबात राहिलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको. आणि गंजाला पाणी लागते म्हणावे, तर आमचा लातूर जिल्हा! एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे साऱ्या देशाने पाहिले. माणसाला प्यायला नव्हते, पण गंजाला कुठूनतरी पुरत होते. दिल्लीत मेहरौलीला गुप्तांच्या काळातला लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, म्हणून त्याच्यावर राखण करणारा थर बसला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. माझ्या सायलेन्सरचा नट मात्र सोळा महिन्यांत हात टेकतो.

आता एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचे सोपे जाईल. मला वस्तू घट्ट लावायची सवय आहे. घरातला नळ मी असा बंद करतो की वर्षातून दोनदा त्याचे वायसर बदलावे लागते. गॅसची शेगडी, पाण्याचा थर्मास, औषधाची बाटली, सगळे मी शेवटच्या आट्यापर्यंत आवळतो आणि वर थोडे आणखी. कैरीच्या लोणच्याची बरणी एकदा मी बंद केली की ती माझ्याशिवाय कुणाला उघडत नाही. मी चार दिवस लातूरला दवाखान्यात होतो, तेव्हा घरात चार दिवस लोणचे नव्हते. याचा मला त्या वेळी अभिमानच वाटला होता. माझ्यावाचून घराचे अडते, याचा एवढा चटकदार पुरावा कुणाला मिळाला आहे?

तर जानेवारीत काय झाले, की उदगीरला दिलेली आमची लेक मुलाला घेऊन चार दिवस माहेरी आली होती. आमच्या तालुक्यात उजेड नावाचे गाव आहे. तिथे दरवर्षी जानेवारीत जत्रा भरते, आणि ती कुठल्या देवाची नव्हे, महात्मा गांधींच्या नावाची. लोक गांधीबाबांची जत्रा म्हणतात. पाळणे, मिठाई, कुस्त्या, सगळे काही असते. मला सर्दी झालेली, म्हणून मी घरी राहिलो. लेक, नातू आणि सौ. गाडी घेऊन गेले. लेक गाडी चांगली चालवते. माझ्यापेक्षा चांगली, असे मागच्या बाकावरून मला सांगण्यात येते.

परतताना अंधार पडल्यावर मागचे डावे चाक बसले. लेकीला चाक बदलता येते. तिने जॅक काढला, पाना काढला, नटाला लावला. नट हलेना. पायाने दाबून पाहिले. हलेना. दोन्ही बाजूंना ज्वारी आणि हरभऱ्याची राने, थंडी, मांडीवर पेंगलेले पोर, आणि मोबाइलला एक काडी. शेवटी जत्रेहून परतणारी तीन-चार पोरे मोटारसायकली थांबवून मदतीला आली. चांगल्या घरची होती, सौ.ने प्रत्येकाला "कुणाचा रे तू?" असे विचारून खात्री केली. त्यांनी कुठल्या तरी शेतातून पाइप आणला, पान्यात घातला आणि 'हर हर महादेव' केले. पहिला नट किंचाळत सुटला. दुसऱ्याचा बोल्टच काडकन तुटला. तिसऱ्यावरून पाना घसरला, पोरगा हरभऱ्यात पडला आणि नट गोल झाला. चौथ्याच्या वाटेला जायची मग कुणाची छाती झाली नाही. गाडी तिथेच ठेवून तिघे रात्री साडेदहाला कुणाच्या तरी टेंपोत बसून घरी आले. तोपर्यंत मी अंगणात किती फेऱ्या मारल्या ते सांगत नाही. सर्दी मात्र गेली होती.

सकाळी मी, चाचा आणि शेजारचे अण्णा (हे एस.टी.तून निवृत्त झाले आहेत आणि कुठल्याही चाकाविषयी त्यांना मत असते) असे तिघे गेलो. हवा भरायची, थोडे यायचे, पुन्हा भरायची, असे करत गाडी अंगणात आणली. अण्णांचे पहिले वाक्य, "काय करायलाव आता?" दुसरे वाक्य, "म्या असतो तर असं केलं नसतं." काय केले नसते, ते त्यांनी सांगितले नाही.

आयुष्यभर मी वर्गात राजनीतीचे चार उपाय शिकवले : साम, दाम, दंड आणि भेद. त्या दिवशी ते मला पहिल्यांदा कळले.

साम म्हणजे तेल. चाचांनी चौथ्या नटावर, म्हणजे ज्याला अजून कुणी हात लावला नव्हता त्याच्यावर, डिझेल आणि पातळ तेल यांचे मिश्रण थेंब थेंब सोडले आणि नटाच्या सहाही बाजूंवर लहान हातोडीने टिकटिक केले. जोरात नाही; दार वाजवावे तसे. बोल्टच्या टोकावर मारायचे नाही, आटे चेपतात. टिकटिकीने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरते. मग म्हणाले, "आता उद्या."

"उद्या?" मी म्हणालो.

"सर, नट कू जोर नक्को, टाइम देव."

मला दम कुठला? मी दामाकडे वळलो. लातूरहून येणाऱ्या माणसाकरवी फवारणीचा तो प्रसिद्ध निळा-पिवळा डबा मागवला. डब्ल्यूडी-40. अमेरिकेत सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने 1953 साली अग्निबाणाच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटवणारे मिश्रण शोधायला घेतले. ते चाळिसाव्या खेपेला जमले, म्हणून नावात 40. एकोणचाळीस वेळा फसलेल्या माणसांनी केलेली वस्तू मी विकत घेतली आणि पाच मिनिटांत गुण आला नाही म्हणून त्यांना नावे ठेवली.

मग दंड. गोल झालेल्या तिसऱ्या नटावर चाचांनी एका आकड्याने लहान गोटी घणाने ठोकून बसवली आणि फिरवली. गोटीच घसरली. अण्णा म्हणाले, "गॅस मारा." कल्पना चूक नव्हती. सायलेन्सरचा नट मागे आम्ही तसाच काढला होता : नट लाल होईपर्यंत तापवला की तो बोल्टच्या आधी प्रसरण पावतो, पकड ढिली होते. पण चाचांनी हात आडवा धरला. "टायरजवळ गॅस नाही. टायर फुटला तर नट बी सुटंल आन् आपण बी." चाळीस वर्षांत त्यांनी काय काय पाहिले असेल, ते त्या एका वाक्यात होते. आम्ही दोघे गप्प बसलो.

राहिला भेद. भेद म्हणजे फूट पाडणे, असे मी मुलांना सांगत असे. चाचांनी धारदार छिन्नी नटाच्या एका बाजूवर धरली आणि मोजून घाव घातले. नट उभा चिरला. फूट पडली आणि तो गुमान हातात आला. नट गेला, पण बोल्टचे आटे वाचले. मी छिन्नीकडे आणि चाचांकडे पाहत राहिलो. कौटिल्याच्या नीतीचे इतके स्वच्छ निरूपण मी पस्तीस वर्षांत केले नव्हते.

हे सगळे चालू असताना मी काय करत होतो? मी शिव्या देत होतो. नटाला नाही, नट आवळणाऱ्याला. "कुण्या गाढवाने हे आवळले आहेत? दुसऱ्याला कधी सोडवावे लागतील, एवढी अक्कल नको? रात्रीच्या वेळी बायामाणसे रस्त्यावर उभी राहतात, लहान पोर सोबत असते, आणि या लोकांना काही आहे का? मागचा पुढचा विचार नाही, जबाबदारी नाही, देशाचे काय होणार?" नटावरून मी देशावर गेलो होतो. अण्णा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. माझा रोख पंक्चरच्या दुकानांवर होता. कुठले दुकान, ते आठवत नव्हते. पण संतापाला पत्त्याची गरज नसते.

चाचांनी तुटलेल्या बोल्टचा तुकडा हातात घेऊन निरखला. "सर, ये किन्ने कसा? मशीनने नाही. हे पायाने आवळलंय. वर उभं राहून."

तेव्हा ओट्यावर चुरमुरे खात बसलेला आमचा नातू अत्यंत प्रामाणिकपणे म्हणाला, "आबा, तुम्हीच तर उड्या मारल्या होत्या. त्या दिवाळीला. मी मोजल्या होत्या ना. एका नटाला सात."

अंगणात जी शांतता पसरली ती मला शब्दांत सांगता येत नाही. फक्त सौ. आतून म्हणाली, "चहा टाकू का सगळ्यांना?" त्या वाक्यात चहा कमी होता.

आठवले. त्याच्या आदल्या वर्षीची दिवाळी. अण्णांनीच कुठलीशी गोष्ट सांगितली होती, निलंग्याच्या रस्त्याला कुणाच्या तरी चालत्या गाडीचे चाक निखळून पुढे पळाल्याची. दुसऱ्या दिवशी लेक गाडी घेऊन उदगीरला जाणार होती. मला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे उठून मी सोळाच्या सोळा नटांना पाना लावला, त्या वीतभर दांड्यावर उभा राहिलो आणि भिंतीला धरून उड्या मारल्या. पुढे मी हिशेब करून पाहिला. एवढ्या लहान गाडीच्या नटाला अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी पंधरा-वीस किलोचा भार म्हणजे भरपूर. माझे वजन अडुसष्ट. दांडा त्याच्या निम्मा. नुसता उभा राहिलो असतो तरी दुपटीच्या घरात गेलो असतो; वर उड्या सात. बोल्ट त्याच दिवशी ताणले गेले असणार. वरून एक पावसाळा गेला, गंज बसला, आणि माझी माया अशी पक्की झाली.

आता मी तुम्हांला घालतो तो प्रश्न हा : मी गुन्हेगार की नाही?

माझा वकील (तोही मीच) म्हणतो, हेतू पाहा. दुष्टाव्याने केले का? आळसाने केले का? पहाटे थंडीत उठून लेकीसाठी केले. हेतू शुद्ध असला म्हणजे झाले. यावर फिर्यादी पक्षाकडून तो तुटका बोल्ट पुढे करण्यात येतो. बोल्टाला हेतू कळत नाही. त्याला किती आवळले तेवढेच कळते. आणि रात्री रानात उभ्या असलेल्या लेकीलाही, चाक निघत नाही, एवढेच कळले. ते द्वेषाने निघत नाही की प्रेमाने, याने तिला काय फरक पडत होता?

वकील पुन्हा म्हणतो, मग सैल ठेवायचे का? चाक निखळले असते म्हणजे? बरोबर आहे. सैल नट हा गुन्हाच. पण आपण जन्मभर एकाच बाजूच्या चुकीला भितो. सैल राहिले तर लोक नावे ठेवतील. जास्त आवळले तर लोक म्हणतात, किती काळजीवाहू माणूस! म्हणून मुलांना आवळणारे बाप, सुनांना आवळणाऱ्या सासवा आणि विद्यार्थ्यांना आवळणारे आम्ही मास्तर यांचे सत्कार होतात. पुढे दहा-वीस वर्षांनी कधी तरी, कुठल्या तरी अंधाऱ्या रस्त्यावर, आमचे आवळणे कुणाला तरी सोडवावे लागते. तेव्हा आम्ही तिथे नसतो. आवळणारा एक आणि सोडवणारा दुसरा, म्हणून तर हे पाप इतके सुखाचे आहे.

त्या रात्री मला झोप येईना, तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. म्हणजे विसरलो कधीच नव्हतो; तिच्याकडे या बाजूने पाहिले नव्हते.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून गाव दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तिकडे गावेच्या गावे दगडमातीच्या घरांखाली गेली, हजारो माणसे गेली. आमच्याकडे भांडी पडली, भिंतींना भेगा गेल्या, एवढ्यावर निभावले; पण त्या क्षणी ते कुणाला ठाऊक होते? लेक तेव्हा वर्षाची. मी तिला उचलले आणि दाराकडे धावलो. दाराला मी चोरांच्या भीतीने जाड लोखंडी बोल्ट बसवला होता आणि रोज रात्री तो खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून घट्ट करत असे. तो निघेना. एका हातात पोर, दुसऱ्या हाताने ओढतोय, वरून माती पडतेय, आणि माझ्याच हाताने ठोकलेला बोल्ट मला सोडेना. हिने अंधारात बत्ता शोधला आणि खालून ठोकला. दार उघडले. दहा सेकंद गेले असतील, फार तर पंधरा. ते मी अजून मोजतो आहे.

या प्रसंगातून शहाण्या माणसाने काय शिकावे? की बोल्ट असा लावावा, जो एका हाताने उघडेल. मी काय शिकलो? की जग फार हलते, तेव्हा सगळे आणखी घट्ट लावले पाहिजे. तेव्हापासून नळ, झाकणे, बरण्या, नट. लेकीला पुण्याला शिकायला जायचे होते, तेव्हा "लातूरला काय कमी आहे?" म्हणून मी तीही बरणी बंद केली. तिने कधी बोलून दाखवले नाही. गाडी शिकताना मात्र म्हणाली होती, "बाबा, निदान ही तरी शिकू द्या."

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. ज्याने बनवले त्यालाच शोधत जावे लागे. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या कारागिराने 1841 साली सगळ्यांनी एकच मापाचे आटे पाडावेत अशी सूचना केली आणि हळूहळू जगाला प्रमाणित आट्यांची सवय लागली. लोक याला यंत्रयुगातली सोय म्हणतात. मला आता ते वचन वाटते. मी आज इथे जे बंद करतो आहे, ते तू, मला कधीही न भेटलेला माणूस, कुठेही, माझ्याशिवाय उघडू शकशील. माझ्या लोणच्याच्या बरणीत हे वचन नव्हते. माझ्याशिवाय उघडायचे नाही, यातच माझी सारी प्रतिष्ठा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा आले. चौथ्या नटाला पाना लावला आणि चक्क आवळायच्या दिशेने किंचित दाबला. मी ओरडणार होतो. 'कट्' असा बारीक आवाज झाला. मग उलट फिरवला. पाव आटा आला. पुन्हा थोडा मागे, तेल, पुन्हा पुढे. असे दहा मिनिटे केल्यावर तो नट एखाद्या आज्ञाधारक मुलासारखा हातात आला. कोपरेही शाबूत. चारांतला ज्याला कुणी मारले नव्हते तेवढाच शहाण्यासारखा वागला. तुटका बोल्ट मागून ठोकून काढला आणि नवा बसवला. तो कुठल्या शिरुराहून फिरून आला, ते विचारू नका.

मी आट्यांना ग्रीस चोपडायला निघालो, तेव्हा चाचा म्हणाले, "सायलेन्सरच्या नटाला लावा, चाकाच्या नको. तेल लावलं की पाना हलका फिरतोय, माणूस आजून आवळत जातोय." वायरच्या ब्रशने आटे कोरडे साफ करायचे, नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, मग समोरासमोरचे आवळायचे, आणि बेताने. "आन् पन्नास किलोमीटर चालली की परत एकदा पाना लावून बघायचं."

"पुन्हा बघायचं? मग सुटका कधी?" मी विचारले.

"सुटका कशाची, सर? गाडी आपली हाय ना?"

इथे माझा वकील खटला हरला. कारण माझे पाप नेमके कोणते, ते मला तेव्हा समजले. मी जास्त काळजी केली, हे पाप नव्हे. मला एकदाच सात उड्या मारून काळजीतून कायमचे मोकळे व्हायचे होते. परत पाहावे लागू नये, परत विचारावे लागू नये, म्हणून आपण आवळतो. ज्याची पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा वाकून बघायची तयारी आहे, त्याला उड्या माराव्या लागत नाहीत.

लेक उदगीरला निघाली त्या दिवशी चाचांनी पाना तिच्याच हातात दिला. नियम साधा : ज्याला रस्त्यात सोडवायचे आहे त्यानेच आवळायचे. तिने आडवेतिडवे चारही नट आवळले, मग एक सोडवून पाहिला आणि पुन्हा आवळला. चाचांनी हात लावून पाहिला आणि मान हलवली. मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवून उभा होतो.

नातू खिडकीतून म्हणाला, "आबा, आज उड्या किती?"

"आज काही नाही," मी म्हणालो. "उदगीरला पोचलात की फोन करा. मग परत एकदा पाना लावायचा आहे."

गाडी वळणाआड गेली. घरात आलो तर सौ. लोणच्याची बरणी घेऊन उभी. "जेवायचंय ना? उघडा." मी झाकणाला हात घातला. हलेना. दुसऱ्यांदा जोर लावला. हलेना. कुठल्या गाढवाने हे आवळले आहे, असे तोंडातून निघणार होते. ते मी गिळले आणि चाचांच्या शिकवणीप्रमाणे झाकणाच्या कडेला चमच्याने टिकटिक सुरू केली.

त्या दिवशी लोणचे रात्रीच्या जेवणाला मिळाले.